अर्धी पट्टी

अर्जाचे कागद रंध्याखाली दाबून ठेवले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून, असं मेस्त्री म्हणाला. पण पत्र्याच्या त्या कारखान्यात वाऱ्याला शिरायचं झालं तर आधी परवानगीच काढावी लागली असती. खरी गोष्ट अशी की रंधा उचलला की कागद दिसणार, म्हणून मेस्त्रीने पाच दिवस रंध्यालाच हात लावला नव्हता. सुताराचा हात रंध्यावाचून पाच दिवस राहतो म्हणजे घरात दुखणं आहे, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. मेस्त्रीण हे सगळं बघत होती आणि दवाखान्यातल्या बाकाचा मोडका पाय पॉलिश पेपरने घासत गप्प बसली होती.

कागद नादारीच्या अर्जाचे होते. माझ्याच्याने देणं फिटत नाही, आहे ते घ्या, सगळ्यांना वाटून टाका आणि मला मोकळं करा, असं कोर्टाला लिहून द्यायचं. वकीलबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सगळं समजावलं होतं. अर्ज केला तर मोठं मशीन जाईल, फळ्या जातील; पण राहतं घर आणि हातातली हत्यारं कोर्ट सोडतं. साधारण वर्षभरात सुटका होते. अर्ज नाही केला तर पतपेढी सोमवारी घरालाच कुलूप लावणार, तशी नोटीस भिंतीवर चिकटवून झाली होती. आज गुरुवार होता.

"यात विचार करण्यासारखं काय आहे?" असं वकीलबाई म्हणाल्या होत्या, आणि मेस्त्रीणीलाही तसंच वाटलं होतं. मेस्त्री मात्र "बघू" म्हणाला. त्याचं बघू म्हणजे नाही, हे तिला लग्नाच्या बाविसाव्या वर्षी कुणी शिकवायला नको होतं. अब्रूचा प्रश्न असणार, असं ती धरून चालली. झाकली मूठ उघडायची म्हणजे कोणालाही जडच जातं.

दुखण्याचं मूळ होतं चौसष्ट दारं. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या नव्या वसतिगृहाचं काम मेस्त्रीला मिळालं. एवढं मोठं काम त्याच्या बापाच्या हाताला कधी लागलं नव्हतं. पण ते वर्ष ओलं निघालं. पाऊस हटेना आणि फळ्या वाळेनात. मेस्त्रीचे वडील, आबा, कारखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसत. माणसाचं बोलणं त्यांना निम्मंच ऐकू येई, लाकडाचं मात्र सगळं. बोटाच्या पेराने फळीवर टकटक करून ते म्हणाले होते, "मुकं वाजतंय. अजून पाणी आहे पोटात. चार महिने थांब." पण हेडमास्तर रोज सायकल घेऊन दारात उभे. मेस्त्रीने ओल्या लाकडाची दारं करून दिली. ऊन तापायला लागलं आणि एकेक दार वाकलं. कुठे कडी लागेना, कुठे लागली तर निघेना. एक पोरगी दीड तास आत अडकली आणि रडून रडून तिचा घसा बसला.

दुसरा कुणी असता तर हवेवर खापर फोडून मोकळा झाला असता. मेस्त्रीने चौसष्टच्या चौसष्ट दारं उतरवून घरी आणली आणि वाळलेल्या लाकडाची नवी करून दिली. आधी पदरचं घातलं, मग वखारवाल्याची उधारी, मग पतपेढीचं कर्ज, मग मशीनवर बँकेचं. हात दाखवून अवलक्षण, असं गाव म्हणालं. हेडमास्तरांनी आभाराचं पत्र दिलं. ते कुठे गहाण ठेवता येत नाही. वाकडी दारं कारखान्यामागच्या भिंतीला टेकून उभी होती, आणि मेस्त्री हल्ली मागच्या बाजूने जायचं टाळत होता.

दुपारी वखारवाल्याचा कारकून आला. नमस्कार ना चमत्कार, खिशातून खडू काढला आणि फळ्यांवर नंबर घालायला लागला. सोमवारी पतपेढी येणार, त्याच्या आत आपल्या मालावर खूण असावी, असा शेठचा हुकूम होता. फळ्या झाल्या, मशीन झालं, मेस्त्रीणीचं बसायचं स्टूल झालं. मेस्त्रीने त्याला स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला. पाणी पिऊन तो आबांच्या खुर्चीकडे वळला आणि आबा बसलेले असतानाच पाठीवर सतरा आकडा घातला.

"काय लिहिलं?" आबांनी विचारलं.

"नंबर," मेस्त्रीण मोठ्याने म्हणाली.

"माझा?"

"खुर्चीचा, आबा."

"मग हरकत नाही. मला वाटलं, बोलावणं आलं. म्हटलं, सतरावा म्हणजे अजून वेळ आहे."

कारकून हसला. जाता जाता म्हणाला, "शेठ म्हणाले, मेस्त्रीला सांग, दारं वाकवलीस ते वाकवलीस, आता शब्द वाकवू नकोस."

मेस्त्रीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो तांब्या उचलून आत ठेवून आला. मेस्त्रीणीला मात्र राग आवरेना. बावीस वर्षं तिने या माणसाला शब्दाला जागताना पाहिलं होतं, नको तिथेसुद्धा. तिने हातातला पॉलिश पेपर घेतला आणि आबांच्या खुर्चीवरचा सतरा घासून काढला. मग सरळ कामाच्या बाकाशी गेली, रंधा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "चला. लिहायला बसू."

लिहायचं काम तिचंच होतं. मेस्त्रीचं अक्षर म्हणजे पेन्सिलीचे आडवे-उभे फराटे, ते त्याच्याशिवाय कुणाला लागत नसत. ती स्टुलावर बसली, तो भुशाच्या पोत्यावर.

"पहिलं, घरातल्या वस्तू," तिने वाचलं. "पलंग एक. मोडका लिहू?"

"सुताराच्या घरी मोडका पलंग लिहितेस?"

"सहा वर्षं विटेवर उभा आहे. कोर्ट येऊन बघेल."

"उद्या पाय बसवतो. नुसता पलंग लिही."

"कपाट एक. दार करकरतं."

"ते नको लिहूस."

"वाकडी दारं, चौसष्ट. किंमत काय घालू?"

मेस्त्री थोडा वेळ भुसा चिवडत राहिला. "सरपणाची घाल," तो म्हणाला. तिने घातली. त्याच्याकडे न बघताच घातली, कारण बघितलं असतं तर दोघांनाही सोसलं नसतं.

मग ज्यांचं देणं होतं त्यांची यादी आली. बँक, पतपेढी, वखारवाला अशी तीन नावं तिने लिहिली आणि चौथ्याला पेन टेकवणार तोच मेस्त्रीने कागदावर हात पालथा घातला. उजव्या हाताचं करंगळीचं पेर त्याला नव्हतं, मशीनने पहिल्याच वर्षी घेतलं होतं. त्या हाताकडे ती बघत राहिली.

"चपडीकाकाचं नाव लिहायचं नाही," तो म्हणाला.

तेव्हा कुठे तिला कळलं, घोडं पेंड खात होतं ते कुठे.

चपडीकाका म्हणजे त्यांचा पॉलिशवाला. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तो पॉलिश बनवायचा, त्यामुळे बोटं कायम तांबूस आणि नाव हे असं. अकरा वर्षं मेस्त्रीच्या दारांना त्याचाच हात लागत होता. मजुरी मिळाली की त्यातले जमतील तसे हजार तो मेस्त्रीकडेच ठेवायचा. पतपेढीवर त्याचा विश्वास नव्हता. "तिथं शटर असतं," तो म्हणायचा, "आणि शटर खाली ओढायला एक माणूस पुरतो." लिहिता-वाचता त्याला येत नव्हतं, म्हणून मेस्त्रीने सुताराची युक्ती काढली. एक लाकडी पट्टी उभी चिरून तिचे दोन भाग केले, एक त्याचा, एक याचा. हजार आले की दोन्ही भाग शेजारी जुळवायचे आणि बारीक करवतीने दोन्हींवरून मिळून एकच खाच पाडायची. एकाने लबाडी केली तर दुसऱ्याशी जुळणार नाही. मेस्त्रीची अर्धी पट्टी कारखान्याच्या दारामागे खिळ्याला टांगलेली असायची. ते पैसेही शेवटी त्या चौसष्ट दारांतच गेले होते.

"बँक, पतपेढी आणि वखारवाला बुडाले तर सावरतील," मेस्त्री म्हणाला. "कोर्ट हजाराला दोनशे देतं म्हणाल्या ना बाई? काकाच्या हजाराचे दोनशे करायचे? माझ्या हाताने? त्याचे मी वेगळे देईन. पोटाला चिमटा घेऊन देईन."

"एक नाव गाळलं तर चालतं का, ते विचारायला पाहिजे."

"विचार. नाही म्हणाल्या तर अर्ज नाही."

"आणि घर?"

तो उठला आणि दवाखान्याच्या बाकाचा पाय ठोकायला लागला. इकडे आड तिकडे विहीर, आणि तो मधे उभा राहून खिळे ठोकत होता. तिला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी त्याच्याबद्दल इतकं वाटलं की तिने घाईघाईने कागद आवरले.

शुक्रवारी ती एकटीच बसने वकीलबाईंकडे गेली. बाई कामात होत्या, पण त्यांनी चष्मा काढून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाव गाळता येत नाही. ज्याचं देणं आहे तो प्रत्येक जण यादीत पाहिजे. एक गाळलात आणि कळलं, तर सगळा अर्ज फेकून देतात. आणि आता कुणाला गुपचूप पैसे द्यायचे नाहीत, वस्तू द्यायची नाही. एक फळीसुद्धा नाही."

"वाकडं दार?"

"वाकडंसुद्धा नाही."

"मग त्या माणसाचं काय, बाई?"

"सुटका झाल्यावर तुमच्या कमाईतून तुम्ही स्वखुशीने कुणाला काय द्याल, त्याला कोर्ट आडवं येत नाही. पण ते तेव्हा. आत्ता यादी खरी पाहिजे."

परतीच्या वाटेवर ती एक थांबा आधी उतरली. चपडीकाकाकडे जायचं असं ठरवलं नव्हतं, पाय तिकडे वळले. तो अंगणात डबा ढवळत बसला होता. त्याच्या मागे त्याची खोली होती आणि खोलीला दार नव्हतं. पत्र्याचा एक तुकडा तारेने बांधून ठेवलेला असायचा. आत जायचं तर तार सोडा, पत्रा उचला, वाकून शिरा, परत पत्रा लावा. सगळ्या गावाची दारं चमकवणाऱ्या माणसाच्या घराला दार नाही, यावर तो स्वतःच सगळ्यांच्या आधी विनोद करायचा. खोली नीट बांधून एक चांगलं दार लावायचं, त्यासाठीच ते हजार साठत होते. हे तिला ठाऊक होतं. पण आज त्या पत्र्याकडे तिला बघवेना.

"बस, सूनबाई," त्याने एक डबा उपडा करून दिला. आबांच्या बरोबरीचा तो, तिला पहिल्यापासून सूनबाईच म्हणायचा.

तिने काही मनात ठेवलं नाही. अर्ज, सोमवार, वखारवाल्याचा टोमणा, चौथं नाव, हजाराचे दोनशे, सगळं सांगून टाकलं. चपडीकाका ढवळत राहिला. हात थांबला तर चपडी खाली बसते.

"म्हणजे मेस्त्री माझ्यापायी अडलाय," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि मला गाळणार होता."

तिला वाटलं, हा चिडला. त्याचा चेहरा नीट कळत नव्हता. बरं करायला गेले आणि होत्याचं नव्हतं करून बसले की काय, असं तिला झालं. काकाने काठी डब्याच्या काठावर निथळत ठेवली आणि एवढंच म्हणाला, "उद्या येतो."

घरी जाऊन तिने वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं, काकाकडे गेल्याचं मात्र लपवलं. "मग झालं तर," मेस्त्री म्हणाला. "अर्ज नाही." आणि तो पलंगाला पाय बसवायला बसला. सोमवारी ज्या घराला कुलूप लागणार त्या घरातल्या पलंगाला. ती भिंतीशी उभी राहून बघत होती. पाय बसला, विटा निघाल्या, आणि सहा वर्षांनी पलंग सरळ उभा राहिला. मेस्त्री पलंगावर हात टेकून म्हणाला, "कधीचं राहिलं होतं." ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. पलंग करकरला नाही.

शनिवारी सकाळी चपडीकाका धुतलेला सदरा घालून आला. कामाच्या माणसाने धुतलेला सदरा घातला की समोरच्याला धडकी भरते. काखेत फडक्यात गुंडाळलेली त्याची अर्धी पट्टी होती. आबांना हात करून तो आत आला आणि पोत्यावर बसला.

"माझं नाव का गाळताय, मेस्त्री?"

मेस्त्रीने बायकोकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही.

"काका, तुमचे मी वेगळे देणार आहे," मेस्त्री म्हणाला.

"वेगळे म्हणजे कसे? लपून? मी कधी लपून दिले का? दिवसाढवळ्या, या बाकावर बसून दिले."

"कोर्ट हजाराला दोनशे देतं."

"वखारवाल्याला किती देतं?"

"त्यालाही दोनशेच."

"मग मला कमी कुठं पडलं?" काका म्हणाला. "वखारवाल्याचं नाव लिहिता, कारण तो दारात येऊन ओरडतो. मी ओरडत नाही, म्हणून माझं नाव नाही. म्हणजे त्याचं ते देणं आणि माझी ती दया, असं का?"

मेस्त्री खाली बघत होता. "दया नाही, काका. लाज आहे. तुमच्या दाराचे पैसे मी दुसऱ्यांच्या दारात घातले."

"ते मला तेव्हाच कळलं होतं. नव्या चौसष्ट दारांना पॉलिश कुणी केलं? मीच ना? लाकूड कुठून आलं, एवढं न कळायला मी काय आंधळा आहे? आणि तुमचं घर गेलं, हत्यारं गेली, तर मी पॉलिश कशाला लावू? तुमच्या कपाळाला?"

आबांना हे बरोबर ऐकू गेलं. ते खुर्चीतच हलून हसले.

काकाने फडकं सोडलं आणि पट्टी बाकावर ठेवली. "दुसरी अर्धी आणा. कोर्टाला आकडा लागेल ना? मोजून लिहू दे सूनबाईला."

मेस्त्री जागचा हलेना. शेवटी मेस्त्रीणीनेच दारामागून पट्टी काढली आणि काकाच्या पट्टीशेजारी ठेवली. दोन्ही भागांची शीर शिरेला लागली, खाच खाचेला. ती बोट फिरवत मोजत गेली. त्रेचाळीसपर्यंत सगळं जुळलं. पुढे मेस्त्रीच्या अर्ध्या पट्टीवर आणखी दोन खाचा होत्या. काकाची तिथे कोरी होती.

"या माझ्यात नाहीत," काका म्हणाला.

"नसणारच." मेस्त्री म्हणाला. "गेल्या दोन महिन्यांची तुमची मजुरी राहिली. तुम्ही मागितली नाही. मी माझ्या बाजूला पाडून ठेवल्या. तुम्हाला बोलवून दोन्हींवर पाडायचं तोंड नव्हतं."

 काकाने तांबूस अंगठा त्या दोन खाचांवरून फिरवला. त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. "आणि वखारवाला म्हणतो, शब्द वाकवू नको," तो म्हणाला. मग त्याने आपली अर्धी पट्टी मेस्त्रीसमोर सरकवली. "पाडा. माझ्यावरही पाडा. यादी खरी पाहिजे म्हणाल्या ना बाई?"

मेस्त्रीने भिंतीवरची बारीक करवत काढली. दोन्ही भाग जुळवून गुडघ्याखाली धरले आणि आपल्या जुन्या खाचेत पातं घालून काकाच्या कोऱ्या लाकडावर ओढलं. एक झाली. दुसरी झाली. चिमूटभर भुसा बाकावर पडला, तो त्याने तळहाताने पुसून काढला. आठवड्यात त्याचा हात पहिल्यांदा नीट चालला होता, हे मेस्त्रीणीने पाहिलं.

"लिही," तो म्हणाला. "पंचेचाळीस हजार. चौथं नाव."

तिने लिहिलं. सगळ्यात स्वच्छ अक्षर तिने त्याच ओळीला काढलं.

"म्हणजे वखारवाल्याच्या लगेच खाली मी?" काकाने विचारलं.

"लगेच खाली."

"चला. एवढ्या वर्षांत त्याने मला ओट्यावर कधी बसू दिलं नव्हतं."

मेस्त्रीने अर्जाखाली सही केली; सोमवारी पतपेढी यायच्या आत कागद कोर्टात जाणार होते. सहीसुद्धा त्याची फराटाच. मग तो उभा राहिला, कानावर पेन्सिल खोचली, मोजपट्टी आणि पटाशी खिशात घातली आणि बायकोला म्हणाला, "बाई म्हणाल्या ना, काही द्यायचं नाही?"

"फळीसुद्धा नाही."

"माप घ्यायला काही बंदी नाही ना?"

तिने आठवून पाहिलं. "मापाचं काही बोलल्या नाहीत."

भर दुपारी तिघं चपडीकाकाच्या खोलीवर गेले. काकाने तार सोडली, पत्रा उचलून बाजूला ठेवला. मेस्त्रीणीने मोजपट्टीचं टोक उंबऱ्याच्या जागी धरलं, मेस्त्रीने वर ताणलं.

"पाच फूट चार," तो म्हणाला. "हे वर उचलायला लागेल. साडेसहा लिही."

"एवढं उंच कशाला?" काका म्हणाला. "मला वाकून जायची सवय आहे."

"साडेसहा लिही," मेस्त्री पुन्हा म्हणाला.

कागद नव्हता. तिने कारखान्यातून येताना उचललेली छिलक्यांतली एक पट्टी पुढे केली. तिच्यावर खडूचा नंबर नव्हता. त्या कारकुनाला ती कचराच वाटली असणार. मेस्त्रीने पट्टी फिरवून बघितली, तिथेच पटाशीने उभी चिरली, दोन्ही भाग जुळवून तिच्यासमोर धरले आणि तिने दोन्हींवर मिळून माप लिहिलं. अर्धं काकाला दिलं.

"वर्षाने सुटेन," मेस्त्री म्हणाला. "मग कमवून फळी घेईन. ती चार महिने वाळेल. आबांनी ठोकून हो म्हटल्याशिवाय हत्यार लावणार नाही."

"म्हणजे दीड वर्ष."

"दीड वर्ष, काका."

चपडीकाकाने त्या उघड्या चौकटीतून आत पाहिलं, मग बाहेर. त्याने पत्रा परत जागेवर लावला आणि तार पिळून बांधली. "मी त्याला पॉलिशचे सात हात देणार," तो म्हणाला. "चपडी माझी. मजुरी मात्र तुमच्याकडून घेईन."

"तेही लिही," मेस्त्री बायकोला म्हणाला, आणि काकाने आपली अर्धी पट्टी परत तिच्यासमोर धरली.